बॅकअप कोणी थांबवला

४ जून २०१८, सोमवार

सर्व्हर उठला नाही! काळा पडदा आणि एकच ओळ — इमर्जन्सी मोड. तीनदा बंद-चालू केला. तेच. शनिवारी लाइट चार वेळा गेली होती, एसी बंद, खोलीची भट्टी झालेली. आत दोन डिस्क, एकीवर लिहिलं ते दुसरीवरही जातं. एक कधीची मरून पडलेली, कोणाच्या लक्षातही नाही. दुसरी टक्-टक् करते.

अकरा वर्षं आमच्या केंद्रात कृत्रिम पायासाठी आलेल्या प्रत्येकाचं माप त्यात आहे. फोटो, साचे, सगळं.

माझ्यासोबत काम करणारा शशिकांत बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघायला गेला. बराच वेळ लावला. आला तेव्हा तोंड उतरलेलं. "मार्चनंतरचं काहीच नाही, अच्युतजी." एवढं बोलून ट्रस्टच्या भय्यासाहेबांच्या केबिनकडे निघून गेला.

५ जून

आज बोलून गेलो. भय्यासाहेब, स्टाफ, सगळ्यांसमोर — "बॅकअप बघणं तुझं काम! तीन महिने काय करून राहिला होता?"

नऊ वर्षं बाजूच्या खुर्चीवर बसला हा माणूस. मान वर केली नाही. "चूक झाली," म्हणाला. भय्यासाहेब म्हणाले, "चलो, कल से मत आइए." त्याने डबा उचलला, गाडी काढली, घरी खमरियाला गेला. बस.

घरी इंदिरा असती तर म्हणाली असती — काहून बोललात चारचौघांत? पण ती असती तर मी असा झालोच नसतो. ती गेल्यापासून कोणाचा आवाजच सोसत नाही.

६ जून

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. आजारी डिस्क नव्या डिस्कवर उतरवून राहिलो. खराब जागा आली की पुढे सरकतच नाही. एकटाच बसलो आहे. चहा दोन आले — प्यून सवयीने आणतो.

७ जून

एकतीस टक्के.

९ जून

शहाण्णववर थांबलं. पुढे नाही जायचं आता. जुनं बॅकअपमधून भरून निघेल. पण मार्चनंतर आलेल्यांचं जे गेलं ते गेलं. यादी केली — एकाहत्तर माणसं.

११ जून

डिंडोरीचा नथ्थू आला. आज पाय लावून बघायचा होता त्याचा. दोन बस बदलून, कुबड्यांवर. त्याची फाइल उघडली तर रिकामी. पाय बनलाच नव्हता. मीच जाऊन सांगितलं, माफी मागितली. पुन्हा माप, पुन्हा दीड महिना.

त्याने पायजमा वर केला. "फिर से ले लो साहब. जितना कटा था, उतना ही है."

बाथरूममध्ये जाऊन रडलो. अंत्यविधीला नव्हतं आलं रडू.

१२ जून

उठला! नव्या डिस्कची ओळख जुन्या यादीत नव्हती, म्हणून अडून बसला होता. दोन ओळी बदलल्या आणि लॉगिन आलं. "शशिकांत, बघ!" — तोंडातून निघून गेलं. खुर्ची रिकामी.

१३ जून

आज नोंदी वाचल्या. बॅकअप कधी बंद पडला ते शोधत होतो. बंद पडला नव्हता. कोणीतरी बंद केला होता. नाव माझं.

१९ मार्च, दुपारी ३.४०.

आठवलं. ऑफिसातून फोन आला होता, मशीन फार हळू चालते म्हणून. इंदिराच्या पलंगाशी बसून मोबाइलवरूनच बॅकअप थांबवला — तात्पुरता. एक हात तिच्या हातात होता. टाइप करायला तो सोडवून घेतला. इंदिरा ३.५५ ला गेली.

पंधरा मिनिटं. त्यातली किती मी त्या मोबाइलकडे बघत होतो?

नंतर बॅकअप आठवलाच नाही. आणि शिव्या शशिकांतला!

१४ जून

दिवसभर एक कागद लिहिला. चार ओळींचा. बॅकअप मी थांबवला, शशिकांतचा दोष नाही, त्याला परत घ्या.

१५ जून

भय्यासाहेबांनी माझा कागद वाचला. खणातून दुसरा काढून समोर ठेवला. शशिकांतचं अक्षर. "१९ मार्चला बॅकअप मी बंद केला. हे अच्युतजींना सांगू नये. आणि बॅकअपच्या डिस्कवरची तो बंद केल्याची वेळ त्यांना कधीही दाखवू नये, हात जोडून विनंती."

खाली तारीख — ४ जून.

मी त्याला बोललो ते पाच तारखेला.