आईची नववी आवृत्ती

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू रागावलीस, ते बरोबरच होतं. काम संपलं की येतो, असं मी तुला किती दिवस सांगतोय. ते काम काय आहे, हे मात्र कधी नीट सांगितलं नाही.

आम्ही लिहितो ते यंत्राला कळेल असं करून देणारा एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर. त्याची कोणती आवृत्ती वापरायची, हे एका फाइलीत एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ऑफिसातला सगळा पसारा त्या एका ओळीवर चालतो. ती ओळ तुझ्या आईच्या ताब्यात होती. जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर सगळं बिल्ड करून, म्हणजे चालवून बघता येईल असं तयार करून, शेजारी शेजारी ठेवून तपासल्याशिवाय ती आकडा हलवू द्यायची नाही. साहेबांनी घाई केली की म्हणायची, चहा पिऊन या, हवं तर दोन प्या.

ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी त्या ओळीतला नऊ खोडून बारा लिहिलं. सकाळी बघतो तर पुन्हा नऊ, आणि बदल करणाऱ्याच्या जागी तुझ्या आईचं नाव. तिचं खातं तर केव्हाच बंद केलं होतं. सर्व्हर सांभाळणारा आमचा दाढीवाला आधी हसला. म्हणाला, काका, तुम्हीच बदलून विसरला असाल. मग त्यानं स्वतः बारा लिहिलं. सकाळी नऊ. आपोआप चालणारं तिचं काही मागे राहिलंय का, म्हणून त्यानं सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही. साहेबांना त्यानं, बारावर अडचण येतेय, एवढंच सांगितलं. तेव्हापासून माझ्या टेबलाजवळून जाताना तो थट्टा करत नाही.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. पण मी रोज निघताना बारा लिहायला लागलो, ते काम व्हावं म्हणून नाही. सकाळी तिचं नाव दिसावं म्हणून. अंगातला कोट न काढताच मशीन उघडायचो. एकदा नऊच्या पुढे टिपण होतं: इतकी घाई कसली?

मग तापामुळे दोन दिवस मी गेलोच नाही. आज गेलो, तर ओळीत बारा. नाव तिचंच. दोन्ही आवृत्त्यांची बिल्ड शेजारी शेजारी ठेवलेली आणि जिथे फरक पडत होता, त्या फाइली दुरुस्त केलेल्या. सगळं बिनतक्रार चालतंय. दाढीवाल्यानं पुन्हा पुन्हा तपासलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून राहिला.

म्हणजे काम संपलं, ठकू. तिनं संपवलं. आता माझ्याकडे कसलीही सबब उरली नाही, हे तिलाही कळलं असणार. पण मी येतो म्हणालो तरी तू वाट बघत बसू नकोस. स्वतः ये आणि मला घेऊन जा. आज संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या ओळीसमोर बसलो होतो. बारा खोडून पुन्हा नऊ लिहिलं, तर ते बदलायला ती येईल का, एवढंच डोक्यात होतं. आज मी उठून घरी आलो. उद्या उठेन, याची मला खात्री नाही.

तुझाच,
बाबा