कावून पुसलं मले?

४ नोव्हेंबर
अकोटला आले! राजापेठेतल्या क्लासमध्ये दिवसभर फोन उचलण्यापेक्षा जिनिंगमधली ही ऑफिसची नोकरी दहापट बरी. आवारात कापसाचे पांढरेशुभ्र ढीग, माझ्या टेबलाला खिडकी. माणिकबाईंकडे खोली मिळाली, डबाही त्यांचाच. मॅनेजर खुशालरावांनी आल्या आल्या चहा पाजला. म्हणाले, लेकीसारखी राहा.

६ नोव्हेंबर
ऑफिसचा टॅब आधी तुबा वापरायची. ती इथली सुपरवायझर. गेल्या महिन्यात ओढणी मशीनच्या पट्ट्यात अडकून वारली म्हणे. खुशालरावांनी टॅब फॅक्टरी रीसेट करायला सांगितला. त्याआधी मी सहज गॅलरी उघडली. शेवटचा व्हिडिओ तिनं टॅब कठड्याला टेकवून घेतलेला. मशीनची तुटलेली जाळी ती आत वाकून दाखवत होती. तेवढ्यात खुशालरावांचा आवाज आला, चालू करा, माल पडून राहिला. ती ओरडली, "साहेब, मी अंदर हाओ! चालू नोका करू!"
खुशालराव पुन्हा म्हणाले, चालू करा. पुढचं मी पाहिलं नाही.

७ नोव्हेंबर
तुबाचा भाऊ रय्यान फाटकाशी आला होता. बहिणीचा टॅब एकदा पाहू द्या म्हणाला. खुशालराव माझ्या मागेच उभे. मी सांगितलं, त्यात काहीच नाही. तो गेल्यावर रीसेट केला. सगळी माहिती कायमची पुसली जाईल, पुढे जायचं का, असं टॅबनं विचारलं. मी 'हो' दाबलं.
संध्याकाळी नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं.

९ नोव्हेंबर
टॅब सुरू केला तर तो तुबाच्या आवाजात बोलला. "कावून पुसलं मले?"
पुन्हा रीसेट केला. पुन्हा तेच, का पुसलं.
आज हजेरीच्या मशीनवर खुशालरावांचा अंगठा लागेना. त्यांनी मला बोटं दाखवली. एकाही बोटावर रेषा नाही.

११ नोव्हेंबर
त्यांची नखं गेली. रक्त नाही, जखम नाही. टॅबवर त्यांच्या नावापुढे किती पुसलं याचा आकडा चढतोय — एकसष्ट टक्के —

१२ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीनंतर खुशालराव खुर्चीत सापडले. डोळे, नाक, तोंड — काहीच नाही. लिंपलेल्या भिंतीसारखा सपाट चेहरा. छाती मात्र श्वासासाठी धडपडत होती. अकोल्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत थांबली.
टॅबवर आता माझं नाव आहे. प्रणाली. चार टक्के.

१३ नोव्हेंबर
माझा अंगठा गुळगुळीत झाला.
रय्यानकडे धावले. सगळं सांगितलं, पाया पडले.  तो म्हणाला, "त्या दिवशी फाटकावर सांगतलं असतं, तं तिले यावं लागलं नसतं." आणि दार लावून घेतलं.

१४ नोव्हेंबर
नखं नाहीत. ओठ जुळत आलेत — नाकानं कसाबसा श्वास —
टॅब बोलतोय. "लिही. तुह्या हातानं लिही. हात हाये तोवर."
लिहिते. तुबा आत आहे हे खुशालरावांना माहीत होतं. तरी मशीन चालू करायला लावलं. मी ते व्हिडिओत ऐकलं. रय्यानशी खोटं बोलले. आणि तिचा आवाज मी माझ्या हातानं पु—