तो गुडघा, ती गुडघा

बाबा,

आज मी एका माणसाचा खेळ बंद केला, आणि घरी येऊन नुसती बसून राहिलेय. तुमच्याच हॅरोच्या घरातल्या किचनमध्ये, तुमच्याच खुर्चीत. अंगातला कोटही काढलेला नाही. मराठी लिहून किती वर्षं झाली ते विचारू नका. कुठे लिंग चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. नाहीतरी ते काम तुम्ही कधी उद्यावर टाकलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी हॉस्पिटलात फिजिओ होते, आता एका छोट्या फुटबॉल क्लबात आहे. तो माणूस तिथलाच, मूळचा मेक्सिकोचा. पस्तिशीचा डिफेंडर, म्हणजे समोरच्याला गोलपर्यंत येऊ न देणारा. तुमच्या कबड्डीतला कोपरा सांभाळणारा गडी म्हणा. वाळवंटाकाठच्या गावात बस ड्रायव्हरच्या घरी जन्मला, एकोणिसाव्या वर्षी तिथल्या मोठ्या लीगमध्ये पोचला, दोनदा देशाचा शर्ट अंगावर चढला आणि दोन्ही वेळा शेवटची दहा मिनिटं. मग स्पेन, मग बेल्जियम, मग इंग्लंड, आणि इंग्लंडमध्ये एकेक पायरी खाली उतरत आमच्यापर्यंत. डिफेंडरचं करिअर असंच असतं हो. गोल मारणाऱ्याचे व्हिडिओ राहतात. जो गोल झालाच नाही, त्याचा व्हिडिओ कोण जपून ठेवणार?

त्याचं इंग्लिश स्पॅनिशमधून येतं, आणि स्पॅनिशमध्ये गुडघा बाई आहे. पहिल्याच महिन्यात तो कोचला म्हणाला, "शी इज व्हेरी बॅड टुडे." कोचला वाटलं, बायको आजारी आहे. बिचाऱ्याने त्याला घरी पाठवलं, वर बायकोला फुलं पाठवली! आख्खा क्लब हसला. मला हसू येईना. मला आपलं किचन आठवलं.

मी आठ वर्षांची आहे. तुम्ही फॅक्टरीतून येता, बूट न काढता पाय समोरच्या खुर्चीवर ठेवता. आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात त्याची पुरचुंडी बांधते. मी विचारते, "बाबा, तुमची गुडघा दुखते?" तुम्ही डोळे वटारता. "तुमची काय, तुमची? तुमचा! तो गुडघा. ती टाच. ते मनगट. म्हण बघू." मी म्हणते. "शाब्बास! नाहीतर उद्या सांगलीला जाऊन माझं नाक कापशील," म्हणून तुम्ही हसता, आणि माझा प्रश्न तसाच राहतो. जिना तुम्ही नेहमी उलटे उतरायचात, कठडा धरून, "गाडी रिव्हर्स घेतोय, बाजूला व्हा" असं ओरडत. मी खाली उभी राहून टाळ्या वाजवायची. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं की साखर कारखान्याच्या कबड्डी टीममध्ये खेळताना तुमच्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं होतं, आणि टीममधली जागा जाईल म्हणून तुम्ही सबंध सीझन ते दुखणं अंगावर काढलंत. सीझन कसला, जन्मभर काढलंत. घरात फिजिओ मुलगी असताना! मला राग येतो, बाबा. बावीस वर्षं झाली तरी येतो.

तर आमच्या ह्या डिफेंडरचा करार ह्या महिन्यात संपतोय. पुढचं वर्ष मिळायला हवं तर गुडघा टिकेल असं मी लिहून द्यायचं. करार नाही तर व्हिसा नाही, आणि त्याच्या मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पुढच्या वर्षी आहे. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसचे खेटे काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी तो माझ्या खोलीत आला तो चिंचेच्या गोळ्यांची पिशवी घेऊन. तिखटमीठ लावलेल्या, थेट आपल्याकडच्यासारख्या. त्याची आई पाठवते. मग त्याचं पिनरमधलं घर किती दमट आहे, मुलीचं गणित कसं कच्चं आहे, सगळं झालं. मी मनात म्हटलं, अरे बाबा, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? शेवटी म्हणाला, "वन इयर. प्लीज. शी कॅन डू वन इयर."

स्कॅन समोरच होता. कूर्चा जवळपास संपलेली, हाडावर हाड घासतंय. तरी मी विचारलं, दुखतं का? "नो, नो. नथिंग." तुमचंच "काही नाही", बाबा, आणि अगदी तुमच्यासारखंच खिडकीकडे बघत. काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "डझ शी हर्ट?"

त्याने गुडघ्यावर तळहात ठेवला. मग म्हणाला, "थ्री इयर्स." मुलं शाळेत गेली की तो जिना बसून उतरतो, एकेक पायरी. मुलं घरात असली तर फोन आल्याचं नाटक करून वरच थांबतो. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगून झाल्यावर मला म्हणाला, "यू विल राइट?" मी म्हटलं, लिहावं लागेल. अजून एक सीझन खेळलास तर चाळिशीत काठी घेशील. तो उठला आणि लंगडत दारापर्यंत गेला. दोन वर्षांत माझ्यासमोर तो पहिल्यांदा लंगडला. गोळ्यांची पिशवी टेबलावरच राहिली, विसरला की ठेवून गेला ते कळलं नाही.

दुपारी रिपोर्ट पाठवला. बरोबर केलंस, असं सगळे म्हणाले. बरोबरच केलं, मला माहीत आहे. पण त्याची मुलगी आत्ता घरात बसून काय ऐकत असेल, ते डोक्यातून जात नाही. बरोबर वागून माणूस इतकं दमतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? मिठाच्या पुरचुंडीचं ते फडकं अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्याच्याखाली ठेवीन. फक्त एक कबूल करायचं राहिलंय. तो गुडघा, हे मला दहाव्या वर्षीच पक्कं झालं होतं. रविवारच्या मराठी शाळेत मी ते बरोबर लिहायची. तुम्हाला विचारताना मात्र मुद्दाम चुकायची, अगदी फिजिओ झाल्यावरसुद्धा. मी चुकले की तुम्ही दुरुस्त करायचात, हसायचात, आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. मला ते उत्तर ऐकायचंच नव्हतं. लपवणारे तुम्ही एकटे नव्हतात.

आता मी बावन्न वर्षांची आहे. काल कुणी बघत नाही असं बघून मी जिना उलटी उतरले.

बाबा, माझी गुडघा दुखते.