बिनवासाचं घर

२० मे, सोमवार

टिली येणार! शुक्रवारी रात्री इथेच राहणार! सहा वर्षांची झाली नात, राहते हाकेच्या अंतरावर, पण आमच्या घरी एकदाही झोपलेली नाही – आत पाऊल टाकलं की तिची छाती घरघरायला लागते. मुलगा कर्ट आणि सून ब्रिजेट तळ्यावरच्या केबिनला रंग देणार आहेत. रंगाच्या वासात दम्याची पोर नको, म्हणून माझा नंबर लागला!

सूनबाईची अट आहेच. फोनवर म्हणाली, "आई, राग मानू नका, पण तुमच्या फरशीचा तो पाइनचा वास... आणि बाथरूममधलं ब्लीच. तिला सोसत नाही हो."

राग आलाच. व्हर्नाचं घर म्हणजे आरसा, असं सगळं चर्च म्हणतं! त्या वासालाच तर मी जन्मभर स्वच्छ म्हणत आले. पण पोर हवी की वास? पोर!

सगळ्या बाटल्या खोक्यांत भरून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिल्या. तिथला माणूस म्हणतो, "आजी, हॉटेल बंद केलंत का?" आगाऊ मेला.

२१ मे

हिरवं पान छापलेली बाटली आणली, लॅव्हेंडरची. काय खूश होते मी! ब्रिजेटला फोटो पाठवला. तिचं उत्तर – "पान बघू नका, मागचं वाचा. सुगंधी काहीच नको."

मागची अक्षरं मुंगीएवढी. परत दुकानात. भिंग घेऊन! शेवटी वनस्पती तेलाचा बिनवासाचा साबण, खायचा सोडा आणि पांढरं व्हिनेगर. ओर्विल पिशवीत डोकावून म्हणाला, "साफसफाई करणार आहेस की काकड्यांचं लोणचं घालणार आहेस?" या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत खाणं दिसतं.

२३ मे

फजिती! साबणही चांगला, व्हिनेगरही चांगलं, मग एकत्र केले तर दुप्पट चांगले – असं माझं डोकं चाललं. बादलीत दूध फाटल्यासारखे गोळे! स्वयंपाकघरभर पांढरा चिकट थर. नेमकी तेव्हाच शेजारची डोरिन आली. "अगं बाई, चीज करतेस की काय?" हसून हसून खुर्चीत कोसळली. मग तिनेच सांगितलं, व्हिनेगर साबणाला फोडतं. दोघी गुडघ्यांवर बसून गरम पाण्याने रगडत होतो.

आता नुसत्या साबणाने पुसलंय. वास कसलाच नाही. स्वच्छ झालं तरी कसं कळायचं? सारखी हुंगतेय. उद्या पोर खोकली तर ब्रिजेट पुन्हा कधी पाठवायची नाही.

२४ मे

आली! दारातच थांबली आणि सशासारखं नाक हलवत हुंगू लागली.

"आजी, तुझ्या घराला आज वासच नाही!"

ओव्हनमधलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश दोनदा घेतलं. पत्त्यांत ओर्विलला हरवलं आणि वर म्हणते, "आजोबा, रडायचं नाही हं." इनहेलर उशाशी ठेवलाय.

२५ मे

झोपली! रात्रभर गाढ! इनहेलरला हातसुद्धा लावला नाही! ब्रिजेटला फोन केला. ती रडायलाच लागली. मीही रडले. म्हणाली, "आई, जुलैत आठवडाभर ठेवाल?" हे काय विचारणं झालं!

१ जून, शनिवार

फरशी पुसायचा दिवस. ओर्विल कॉफी घेऊन स्वयंपाकघरातच बसून राहिला. लग्न झाल्यापासून दर शनिवारी मी बादली काढली की हा गॅरेजमध्ये पळायचा, अगदी भर थंडीत, बर्फातसुद्धा. मी कामचोर म्हणायचे.

"आज गॅरेज नाही का?"

"आज छाती घरघरत नाही."

बोळा हातातच राहिला. "अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला तो वास किती आवडायचा गं," म्हणाला आणि त्याने पाय वर उचलून धरले, मला खालून पुसता यावं म्हणून.