थरथरणारा शनी

चूक तुझीच होती बाबा, मी अजूनही तेच म्हणतोय. कामतघरच्या कारखान्यात लूमवर उभा होतो, दारातून भरदिवसाचा चांदोबा दिसला, बघत राहिलो आणि ताण्याचा उभा धागा तुटलेला कळलाच नाही. हातभर कापड बिघडलं. सगळ्यांसमोर कानफटात मारलीस. "धागा तुटला ना, मग मशीन कशाला चालू हाय? आभालात बघून पोट न्हाय भरत!" एवढ्याशा कापडासाठी? दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात आलो नाही. तू गेलास तेव्हाही आपण बोलत नव्हतो.

आता मस्कतला गोदामात कामाला आहे. पहाटे, शिफ्टच्या आधी, कामगारांच्या कॅम्पच्या गच्चीवर दुर्बीण लावतो. जुनीच घेतली. मग तिच्या मागे बसवायचा छोटा कॅमेरा घेतला, आईने घराच्या छपराला पत्र्यांसाठी मागितलेल्या पैशांतून. तिला सांगितलं, पगार अडकलाय. महिनाभर शनी धरतोय, येतो नुसता पिवळा डाग. खोलीतला बिहारी म्हणतो, "तू शनि को क्या पकड़ेगा, वो तुझे पकड़ के बैठा है." शेवटी ठरवलं, आज नाही जमलं तर कॅमेरा विकायचा. आठ वाजता गिऱ्हाईक येणार होतं.

उजाडायला अर्धा तास उरला होता. ग्रहाचा एक फोटो काढून भागत नाही बाबा, व्हिडिओ काढतात. हजारो चित्रांतली चांगली तेवढी निवडून कॉम्प्युटर एकावर एक बसवतो. पण हवा हलून शनी थरथरला की माझा हात आपोआप रेकॉर्डिंग बंद करतो. परत चालू, परत बंद. महिनाभर नुसते तुकडे जमवले. तुझ्या थपडेने लागलेली सवय ही! आज शनी सरकेल तशी डाव्या हाताने दुर्बीण सरकवत होतो, उजवा मांडीखाली दाबून ठेवला होता. थरथर म्हटलं, किती थरथरायचं ते. आभाळ पांढरं झालं तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता.

बिहाऱ्याच्या लॅपटॉपने निम्म्याहून जास्त चित्रं फेकून दिली. उरलेल्यांतून शनी वर आला, दोन्ही बाजूंना बारीक, सरळ रेघ, यंदा कडेवरून दिसणारं त्याचं कडं. बिहारी वाकून बघत राहिला. "अरे, सच में है रे."

गिऱ्हाइकाला परत पाठवलं. मग आईचा फोन आला, पाऊस तोंडावर आलाय, पत्र्यांचं काय. म्हणालो, अर्धाच पगार झाला. झाला पुरा होता, उरलेला कॅमेऱ्यात गेलाय. हे तिला सांगायची छाती नाही, म्हणून तुला लिहितोय. तुझं उत्तर यायचं नाही. तिने वीस हजार मागितले होते. आठ पाठवतोय.