क्रिकेटचंच चाललंय

सर, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण सारखी येत होती असं म्हणणार नाही. शाळेतल्या माणसांची आठवण कधी तरी येते, जाते. पण गेल्या गणपतींनंतर यार्डात जे झालं, तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही आहात. रागावता असंही नाही. नुसते खडू हातात घेऊन उभे असता आणि माझ्या उत्तराची वाट बघता. म्हणून आज सुट्टी काढून लिहायला बसले आहे.

मुरुडची आपली शाळा, नववीचा वर्ग. खिडकीतून सुरूची झाडं दिसतात आणि त्यांच्या मागे ओहोटीची ओली वाळू. तोंडी परीक्षेची तयारी चालली आहे. तुम्ही एकेकाला उभं करून विचारता, 'कोणता खेळ आवडतो, कोणता आवडत नाही? इंग्रजीत सांग.' मुलं एकामागून एक क्रिकेट म्हणतायत. माझी पाळी येते. गाईडमधलं पाठ केलेलं मी घडाघडा म्हणून दाखवते, 'आय अ‍ॅम व्हेरी फाँड ऑफ टेनिस. इट कीप्स मी फिट अँड चिअरफुल.' व्याकरणाची एक चूक नाही. आता शाबासकी मिळणार म्हणून मी उभीच राहते. तुम्ही विचारता, 'टेनिसची रॅकेट हातात धरलीयस कधी?' नाही सर. 'मग काल संध्याकाळी वाळूवर ओढणी कमरेला बांधून काय खेळत होतीस?' वर्ग हसतो. मी कबड्डी म्हणते. 'मग ते सांग. मोडकंतोडकं सांग. आणि खोटंच बोलायचं असेल तर मराठीत बोल, म्हणजे निदान पकडली जाशील.' कान तापलेले, डोळे भरलेले, तशीच मी म्हणते, 'आय लाइक कबड्डी. आय डोन्ट लाइक क्रिकेट. बॉईज नॉट गिव्हिंग बॅटिंग.' तुम्ही ते फळ्यावर लिहिता, फक्त क्रियापद दुरुस्त करता आणि खाली एक मोठी बरोबरची खूण करता. त्या खुणेपेक्षा तो अपमानच मला कितीतरी वर्षं जास्त आठवत राहिला.

तुम्हाला स्वतःला कुठलाच खेळ आवडत नव्हता. अख्खं गाव टीव्हीला चिकटलेलं असायचं आणि तुम्ही माडाच्या वाडीतल्या तुमच्या भाड्याच्या खोलीत वह्या तपासत बसायचात. पण खेळांवरून आलेले इंग्रजीतले वाक्प्रचार आमच्याकडून जसे पाठ करून घेतलेत, तसे दुसऱ्या कुणी घेतले नसतील. ड्रॉप द बॉल म्हणजे चेंडू सोडणं नव्हे, हातातलं काम निसटू देणं. मूव्ह द गोलपोस्ट्स म्हणजे खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणं. आम्ही कंटाळायचो. परीक्षेत यातलं काहीच येत नाही अशी कुणीतरी मुख्याध्यापकांकडे तक्रारसुद्धा केली होती.

हे वाक्प्रचार पाठ करून घेण्यामागचं कारण तुम्ही मला एकटीला सांगितलं होतंत. माझे वडील आगरदांड्याच्या जेट्टीवर लाँचची तिकिटं फाडायचे, आणि बांगडे स्वस्त मिळाले की एक पिशवी तुमच्याकडे धाडायचे. तुम्ही घाटावरचे, मासे खायला मुरुडात शिकलात, साफ करायला मात्र कधीच शिकला नाहीत. त्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी विळी घेऊन बसले आहे. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवलाय आणि पाठमोरे बोलताय. 'मुंबईत एका कंपनीत कारकून होतो. साहेबानं फाईल सरकवली आणि म्हणाला, नाऊ द बॉल इज इन युअर कोर्ट. म्हणजे आता पुढचं तुझ्याकडे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला कोर्ट एवढंच कळलं. मी घाबरून उभा राहिलो. म्हटलं, सर, माझ्यावर कसलीही केस नाही, हवं तर गावच्या पोलीसपाटलाचा दाखला आणतो.' मी फसकन हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, 'सगळं ऑफिस हसलं. पुढं दोन वर्षं मला सगळे वकीलसाहेब म्हणायचे. हसले त्याचं काही नाही गं. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचे आणि मला कळायचं नाही, ते फार वाईट. माझ्या मुलांवर ती वेळ यायला नको.' चहा उतू गेला आणि तुम्ही फडकं शोधायला लागलात.

माझ्यावर ती वेळ आली नाही, सर. तुम्ही येऊच दिली नाहीत. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी वीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागले आणि हळूहळू सगळा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. आमचे मॅनेजर बोलतात ते खेळाच्याच भाषेत. बाकीचे माना डोलावतात आणि बाहेर आल्यावर मला अर्थ विचारतात. मी सांगते. सांगताना बरं वाटायचं. ते बरं वाटणंच पुढे नडलं.

यार्डात कंटेनर उचलणारं एक अजस्र मशीन आहे. ते चालवणारा ऑपरेटर उरणजवळच्या एका गावचा, पन्नाशीचा, मिठागरं होती तेव्हा मिठागरात राबलेला माणूस. मशीन मागे घेताना जो भोंगा वाजायला हवा तो बंद पडला होता. तो तीनदा माझ्या टेबलापाशी आला. 'मॅडम, हॉर्न वाजत न्हाय. मागं कोन उबा हाय, मना दिसत न्हाय. साहेबांना सांगा ना.' मी तिन्ही वेळा मेल केला. तिन्ही वेळा उत्तर आलं की पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. मग एका दुपारी मशीन मागे आलं आणि कंटेनरचे नंबर टिपत उभा असलेला आमचा चेकर त्याच्याखाली सापडला. माणूस वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दोन दिवसांनी मॅनेजरांनी केबिनमध्ये मीटिंग घेतली. ऑपरेटरला बाहेर बाकावर बसवलं होतं, हेल्मेट मांडीवर घेऊन. केबिनचं दार नीट लागत नाही, आवाज बाहेर जातो. मॅनेजर म्हणाले, 'वी ड्रॉप्ड द बॉल, नो डाउट. पण आता आपणच सेल्फ गोल करायचा नाही.' मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, 'समबडी हॅज टू टेक वन फॉर द टीम.' ते माझ्याकडे वळले. 'तुमचं इंग्लिश चांगलं आहे. रिपोर्ट तुम्ही लिहा. द बॉल इज इन युअर कोर्ट.' सर, त्या क्षणी तुमची आठवण यायला हवी होती. नाही आली. एवढ्या माणसांत त्यांनी मला निवडलं, हेच मनात होतं. त्यांनी धमकी दिली असती तर निदान सांगायला कारण राहिलं असतं. त्यांनी धमकीसुद्धा दिली नाही.

मी बाहेर आले तसा ऑपरेटर उठून उभा राहिला. 'मॅडम, आत बॉल बॉल काय चालला व्हता? क्रिकेटचा काय?' दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झालेला दिसला. साहेब क्रिकेटबद्दल बोलतायत म्हणजे प्रकरण तेवढं गंभीर नसणार, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, 'हो. क्रिकेटचंच चाललंय.' 'मंग बरा हाय,' तो म्हणाला. 'मना वाटला माझाच काय निंगला.' आणि पुन्हा बाकावर बसला.

रिपोर्ट मी तासाभरात लिहिला. ऑपरेटरनं मागे न बघता मशीन चालवलं, आवश्यक ती काळजी घेतली नाही, यंत्र सुस्थितीत होतं. सुबक इंग्रजी. त्याच्या जबाबाचा कागदही मीच तयार केला, तोही इंग्रजीत, त्यात त्यानं हे सगळं मान्य केल्याचं लिहिलं. त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं विचारलं, 'यान काय लिवलाय?' मी म्हटलं, 'झालं तेच.' 'हॉर्नचा लिवलाय ना?' 'आहे सगळं.' त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मराठीत, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. पंधरा दिवसांनी त्याला कामावरून काढलं.

त्यानंतरचे चार महिने मी कामावर जात होते, जेवत होते, घरी हसतही होते. पण मीटिंगमध्ये कुणी बॉल म्हटलं की मी मान खाली घालून वहीत तारीख पुन्हा लिहायचे. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'आता बोलून त्याचं काय होणार, आणि तुझं काय होईल?' दोन्ही प्रश्न बरोबर होते. अपघाताची सरकारी चौकशी अजून बाकी होती. एका रविवारी मी रिपोर्टाची प्रत पर्समध्ये घालून त्याच्या गावाला गेले.

तो पडवीत बसला होता. मला बघून उठला आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. त्याची मुलगी पनवेलला दवाखान्यात नर्स आहे, तीही त्या दिवशी घरी होती. मी सगळं सांगितलं, क्रिकेटसकट. तो म्हणाला, 'कागद हाय काय? वाचा. मराठीन वाचा. हलू वाचा.' मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. यंत्र सुस्थितीत होतं, हे वाक्य त्यानं दोनदा वाचायला लावलं. मुलीनं मीटिंगमध्ये साहेब काय काय बोलले ते विचारलं, मी तेही सांगितलं. 'टेक वन फॉर द टीम,' ती म्हणाली. 'टीमसाठी आपण मार खायचा. पण मॅडम, आमचे बाबा तुमच्या टीममधे कधी होते?' मी माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, 'मी तुमाला इचारला व्हता, मॅडम.' चढलेल्या आवाजात म्हणाला असता तर सोसलं असतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसं एखाद्याला विसरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी.

मी निघाले तेव्हा त्यानं फाटकापाशी विचारलं, 'चौकशीला याल काय?' येईन म्हटलं. आणि गेले, सर. तिन्ही मेल आणि त्यांची उत्तरं छापून नेली. चौकशी अधिकाऱ्यांनी रिपोर्ट उलटसुलट बघून विचारलं, 'हे इंग्रजी कुणाचं?' मी म्हटलं, 'माझं.' 'आणि यातलं खरं किती?' 'वेळ आणि जागा.' समोरच्या खुर्चीत मॅनेजर बसले होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी ऑपरेटरच्या नावावरचा ठपका पुसला गेला. कंपनीनं त्याला परत बोलावलं, तो आला नाही. आता भाच्याचा टेम्पो चालवतो असं ऐकलं. मॅनेजरांची दुसऱ्या यार्डात बदली झाली. चेकर नकली पायावर चालायला शिकलाय, गेटवर बसून नंबर टिपतो. मी रोज त्याच्या समोरून आत जाते. तो नमस्कार करतो, कारण हॉर्नचं मी सांगितलं एवढंच त्याच्या कानावर गेलंय. त्याआधी काय लिहिलं होतं, ते त्याला माहीत नाही. त्याला कधी सांगायचं आणि कसं, ते मला अजून जमलेलं नाही. माझी नोकरी आहे, पण पत्रं आता दुसरं कुणीतरी लिहितं, आणि मी आले की जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा मंदावतात. त्यांचंही चुकत नाही. मी कुणाच्या बाजूची, हे मलाच नीट सांगता येत नाही.

तुम्ही हयात असतात तर मी मुरुडची एसटी धरली असती का? बहुधा नसती. तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस या वयातही झालं नसतं, आणि तुम्ही नाही आहात म्हणूनच एवढं सगळं लिहू शकले. हा कागद कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवणार आहे. एक गोष्ट मात्र राहिली. हे पत्र मी सकाळी आधी इंग्रजीत लिहिलं होतं. एक पानभर झालं होतं. कुठे अडखळले नाही. त्यात ऑपरेटरचा 'हॉर्नचा लिवलाय ना?' हा प्रश्न चुकून राहूनच गेला होता, आणि शेवटी मी बरीच धीराची बाई दिसत होते. ते फाडून टाकलं. पण खरं सांगते सर, ते यापेक्षा चांगलं झालं होतं.