नाक कुणाचं

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा गुडघा काय म्हणतो?

कामावर नवी माहिती आली आहे. पडद्यावर माणूस, उंदीर, कोंबडी, मासा यांची जनुकं एकाखाली एक दिसतात. माशाचं जनुक अनोळखी असलं, तर ते कुणावर गेलंय ते बघून आम्ही त्याला नाव देतो. आई कुणाचंही बाळ बघायला गेली की हेच करायची. माझ्याबद्दल म्हणायची, "नाक थेट आत्याचं. नशीब, जीभ नाही."

आई माझं नाव विसरली, असं दादाकडून कळलं. तुम्ही लपवलंत, पण मी रागावलेली नाही.

सोबत माझा फोटो आहे. तिला नाव विचारू नका, बाबा. नाक कुणाचं, एवढंच विचारा. जिभेचंही बोलली, तर लगेच फोन करा.

तुमची,
आत्याच्या नाकाची